अर्थिंग : आवाजातील घूं जावी, जीव जाऊ नये

दिवाळी सरली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या पूर्व भागात मंडई आणि शंकरपटाचे दिवस येतात. वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्या गावोगाव फिरू लागतात आणि झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र चालतात. त्यामागोमाग लग्नसराई येते. या सर्वांना माइक, ॲम्प्लिफायर आणि भोंगे लागतात. शिवाय आता ब्रह्मपुरी-आरमोरीपासून अहेरी-आलापल्लीपर्यंत घरोघरी होम थिएटर, साउंड बार, डेक आणि मोठे स्पीकर आले आहेत. साउंड सर्व्हिसवाले, टीव्ही दुरुस्तीची दुकाने, वायरमन आणि इलेक्ट्रिक सामानाचे व्यापारी अशा कितीतरी कुटुंबांची चूल या धंद्यावर पेटते.

या धंद्यातील सर्वांत जुनी तक्रार म्हणजे आवाजातील 'घूंऽऽ'. कारागीर तिला 'हम' म्हणतात. गाणे थांबले तरी स्पीकरमधून एकसारखी घरघर येत राहते. ग्राहक वैतागतो आणि कारागिराला बोलावतो. त्यावर एक सोपा उपाय पसरला आहे, त्याबद्दल आज आम्हाला लिहायचे आहे. कारागीर ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगमधील वरची जाड पिन काढून टाकतो किंवा आतली हिरवी तार कापतो. घरघर बंद होते, ग्राहक खूश होतो आणि कारागीर आपली मजुरी घेऊन जातो. पण त्या हिरव्या तारेबरोबर ग्राहकाच्या घरातील माणसांचे संरक्षणही गेलेले असते आणि हे त्याला कोणीही सांगत नाही.

तिसरी तार कशासाठी?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते. जुन्या रंगपद्धतीप्रमाणे लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची. बोर्डाकडे तोंड करून पाहिले तर सॉकेटचे वरचे मोठे छिद्र अर्थचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असते. उपकरण चालते ते फेज आणि न्यूट्रल या दोन तारांवर. तिसरी तार रोजच्या कामात काहीच करत नाही, म्हणूनच ती निरुपयोगी वाटते.

ॲम्प्लिफायरच्या पत्र्याच्या पेटीत ट्रान्सफॉर्मर असतो. उष्णतेने, ओलीने किंवा उंदराने कुरतडल्याने त्याच्या आतील वेष्टण खराब होते आणि एखादे दिवशी फेजची तार पत्र्याला लागते. अर्थिंग नीट असेल तर त्या क्षणी मोठा प्रवाह जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. गाणे वाजत राहते, पण आता पेटीच्या पत्र्यावर, माइकच्या जाळीवर आणि गिटारच्या तारांवर २३० व्होल्ट बसलेले असतात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला जो कोणी हात लावेल, त्याच्या शरीरातून ती वीज जमिनीत उतरते.

जंगल जिल्ह्यातील वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रानडुकरांसाठी शेताला सोडलेल्या विजेच्या तारेने आपल्या भागात माणसेही गेली आहेत आणि वाघही गेले आहेत. कुंपणाच्या त्या तारेत आणि अर्थ नसलेल्या माइकमध्ये तत्त्वाचा फरक काहीच नाही. साधारण १० मिलिअँपिअर प्रवाहाला स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही, ३० मिलिअँपिअरच्या पुढे श्वास अडकू लागतो, आणि ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह हृदयाची लय बिघडवू शकतो. १०० वॅटचा एक बल्ब यापेक्षा चार-पाचपट जास्त प्रवाह घेतो.

मोठ्या कलावंतांनाही याची किंमत मोजावी लागली आहे. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमधील स्वानसी येथे 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे याने भर कार्यक्रमात माइकला हात लावला. अर्थिंग नसलेल्या सामानामुळे तो मंचावरच विजेचा बळी ठरला. 'यार्डबर्ड्स' या प्रसिद्ध वाद्यवृंदाचा गायक कीथ रेल्फ १९७६ साली स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना अशाच धक्क्याने मरण पावला. तिकडे दवाखाना जवळ असूनही हे घडले. आपल्याकडे भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंच्याच्या आतील गावात रात्री दोन वाजता असे झाले तर काय होईल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मग घूं येते कोठून?

अर्थची पिन काढल्यावर घरघर थांबते हे खरे आहे. पण म्हणून दोष अर्थिंगचा ठरत नाही.

आपली वीज सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते. टीव्हीचा अर्थ एका बोर्डावर, ॲम्प्लिफायरचा दुसऱ्या बोर्डावर आणि दोन्हींना जोडणारी ऑडिओ केबल मध्ये, अशी मांडणी झाली की जमिनीची तार आणि केबलची जाळी मिळून एक बंद कडे तयार होते. दोन्ही बोर्डांच्या अर्थमध्ये १० मिलिव्होल्टचा फरक असला तरी त्या कड्यातून प्रवाह फिरतो. टीव्हीतून येणारे गाणे तीनशे मिलिव्होल्टच्या आसपास असते, म्हणजे त्यात तिसावा हिस्सा घरघर मिसळली. माइकचा सिग्नल तर दोन-चार मिलिव्होल्टचाच असतो, तेथे माणसाच्या आवाजापेक्षा घरघर मोठी होते. केबल टीव्हीची किंवा डिशची तार बाहेरून दुसरीकडचा अर्थ घेऊन येते, त्यामुळे तिच्यामुळेही हेच होते.

हा रोग विजेच्या धंद्याइतकाच जुना आहे. जर्मनीत स्टाइनहाइल यांनी १८३८ साली दाखवून दिले की तारायंत्राला परतीची दुसरी तार लागत नाही, जमीनच ते काम करते. पुढे टेलिफोनही एका तारेवर आणि जमिनीवर चालू लागले. पण १८८०-९० च्या दशकांत शहरांत विजेचे दिवे आणि ट्राम आल्या, त्यांचा प्रवाह त्याच जमिनीतून फिरू लागला आणि टेलिफोनमध्ये बोलण्याऐवजी घरघर ऐकू येऊ लागली. तेव्हा कंपन्यांनी परतीसाठी दुसरी तार घातली आणि सिग्नल जमिनीपासून वेगळा केला. आजही हाच मार्ग आहे. दुरुस्ती सिग्नलच्या तारेत करावी आणि सुरक्षेच्या तारेला हात लावू नये.

कारागिरासाठी तपासणीचा क्रम

प्रथम ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही घरघर कायम राहिली तर दोष पेटीच्या आत आहे. बहुतेक वेळा पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर सुकलेला असतो. ही घरघर १०० हर्ट्झची, म्हणजे थोडी चढ्या सुराची असते. व्हॉल्यूमबरोबर घरघर कमी-जास्त होत असेल तर ती बाहेरून येत आहे.

मग मागच्या सर्व केबल काढाव्यात आणि एकेक लावत जावे. ज्या केबलने घरघर सुरू होते ती वाट सापडली. डिशची किंवा केबलची तार काढून पाहावी. ज्या ॲम्प्लिफायरला १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय आहे तो बॅटरीवर चालवून पाहावा. तेथे आवाज स्वच्छ आला तर घरघर मेनच्या वाटेने येत आहे हे नक्की. इन्व्हर्टरवरच घरघर येत असेल तर बहुधा तो चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर असतो. अशा वेळी अर्थिंगला दोष देऊ नये.

उपायही फार महाग नाहीत. टीव्ही, डेक आणि ॲम्प्लिफायर या सर्वांना एकाच बोर्डावरून वीज द्यावी, म्हणजे सर्वांचा अर्थ एकच होतो. ऑडिओ केबल गरजेपुरतीच लांब ठेवावी आणि विजेच्या तारेबरोबर गुंडाळू नये. दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडाव्यात. डिशच्या तारेने घरघर येत असेल तर तिच्यासाठी आयसोलेटर मिळतो. दोन उपकरणांच्या मध्ये एकास एक प्रमाणाचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घातला की सिग्नल पुढे जातो पण अर्थचे कडे तुटते. स्टेजसाठी तीन पिनांची बॅलन्स्ड माइक केबल वापरावी. अशा दोन उपकरणांना जोडणाऱ्या केबलची जाळी गरज पडल्यास एका टोकाला सोडता येते. ती सिग्नलची जाळी असते, मेनचा अर्थ नव्हे. एवढा फरक ज्याला कळला, त्याला हिरवी तार कधीच कापावी लागत नाही.

दोन पिनांच्या प्लगचे काय, असे काही वाचक विचारतील. ज्या उपकरणाच्या मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते, ते दुहेरी वेष्टणाचे असते. त्याला अर्थ लागत नाही. त्याच्या पत्र्याला हात लावल्यावर कधी कधी बारीक झिणझिण्या येतात, त्या आतील फिल्टर कंडेन्सरच्या अगदी अल्प गळतीच्या असतात. मात्र जे उपकरण कारखान्यातून तीन पिनांचे आले, ते तीन पिनांवरच चालले पाहिजे.

'स्वच्छ अर्थ' नावाचा गैरसमज

काही हौशी मंडळी आणि साउंडवाले ॲम्प्लिफायरसाठी वेगळी सळई ठोकतात. घराचा अर्थ खराब आहे, आमचा स्वच्छ आहे, असे ते म्हणतात. येथे थोडा हिशेब करू.

अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, अडीच मीटर लांबीच्या गॅल्व्हनाइज्ड पाइपची पद्धत दिली आहे. वरोरा-भद्रावतीच्या ओल्या काळ्या मातीत असा पाइप पाच-सात ओहमपर्यंत येऊ शकतो. गडचिरोलीच्या मुरमाड, खडकाळ आणि कोरड्या जमिनीत तोच पाइप पन्नास-साठ ओहमवर राहतो. काळ्या मातीचाही भरवसा नाही, कारण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर गेला की ती भेगाळते आणि पाइपला सोडते.

आता ६० ओहमच्या अर्थवर फेज पेटीला लागली असे समजा. २३० भागिले ६० म्हणजे प्रवाह चार अँपिअरपेक्षाही कमी. घरातील १६ अँपिअरची एमसीबी एवढ्या प्रवाहावर पडणार नाही. पाइप आहे, तार आहे, तरी पेटीवर वीज तशीच राहते. २० ओहमच्या अर्थवरही प्रवाह साडेअकरा अँपिअरच होतो. म्हणजे केवळ सळई ठोकली की सुरक्षित झालो, हा समज आपल्या भागात चालत नाही.

घराच्या अर्थशी न जोडलेली वेगळी सळई तर आणखी वाईट. वीज कोसळली किंवा दोष झाला की दोन अर्थांमध्ये मोठा दाब तयार होतो आणि तो नेमका ऑडिओ केबलमधून वाट काढतो. दुसरी सळई ठोकायचीच असेल तर ती जाड तारेने मुख्य अर्थला जोडलीच पाहिजे. दोन सळ्या एकत्र जोडल्या की रोधही कमी होतो.

काही वायरमन फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून 'अर्थ चांगला आहे' असे सांगतात. त्या बल्बचा स्वतःचा रोध पाचशे ओहमच्या वर असतो. अर्थ २० ओहमचा असला काय आणि ६० ओहमचा असला काय, बल्ब जवळजवळ सारखाच उजळतो. बल्ब पेटला नाही तर अर्थ नाही एवढे कळते, पण पेटला म्हणजे अर्थ पुरेसा आहे असे नाही. खरे माप अर्थ टेस्टरनेच निघते.

नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याची जुनी सवयही आता निरुपयोगी झाली आहे. बहुतेक ठिकाणी नळ प्लास्टिकच्या पाइपचे आहेत आणि प्लास्टिक वीज नेत नाही. न्यूट्रल गेली की सळईवर दिवे लावण्याची खेड्यांतील पद्धत तर शेजाऱ्यांच्याही जिवाशी खेळ आहे.

आरसीसीबी : छोटा पण खरा रखवालदार

वरच्या हिशेबावरचे उत्तर म्हणजे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. फेजने गेलेला प्रवाह न्यूट्रलने तेवढाच परत येतो की नाही, हे ती सतत मोजते. मधेच प्रवाह गळाला तर ती सेकंदाच्या लहानशा अंशात वीज तोडते. अर्थ अगदी ५०० ओहमचा असला तरी दोषाच्या वेळी ४६० मिलिअँपिअर जातात, म्हणजे तिच्या मर्यादेच्या पंधरापट. जेथे एमसीबी हलत नाही तेथे ती निश्चित पडते. म्हणून खडकाळ भागात अर्थिंग आणि आरसीसीबी ही जोडीच हवी.

तिच्याही मर्यादा माहीत असाव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर तिला काही कळत नाही. जादा भारासाठी एमसीबी वेगळी लागते. आकाशातील विजेपासून ती वाचवत नाही. तिच्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. न पडल्यास ती बदलावी.

मंडप आणि नाटकवाल्यांसाठी

घरापेक्षा मंडपात धोका जास्त. जमिनीवर दव पडलेले, पाय अनवाणी, तारा गवतातून गेलेल्या आणि वीज तात्पुरती घेतलेली. साउंडचे सर्व सामान, म्हणजे मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि वाद्ये, एकाच फेजवर घ्यावे. दोन फेजवर विभागले तर त्यांच्यात ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. डिमरच्या दिव्यांची चिरचिर आवाजात येत असेल तर दिव्यांच्या तारा साउंडच्या तारांपासून दूर न्याव्यात.

तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलचा सांधा सर्वांत आधी तपासावा. तो सुटला तर २३० च्या जागी तीनशे-साडेतीनशे व्होल्ट येऊन सगळे सामान एका मिनिटात जळते. छोट्या जनरेटरमध्ये न्यूट्रल आणि सांगाडा जोडलेला नसेल तर आरसीसीबी गळती ओळखू शकत नाही. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी.

मशीद, मंदिर, ग्रामपंचायत यांच्या छतावरील भोंगे बहुधा १०० व्होल्टच्या लाइनवर चालतात. पूर्ण आवाजात त्या तारेवर खरोखरच १०० व्होल्टपर्यंत दाब असतो. 'स्पीकरची तार आहे, काय होणार' असे म्हणून ती उघडी ठेवू नये. पावसाळ्यात आकाश गडगडू लागले की प्लग आणि डिशची तार दोन्ही काढून ठेवावीत. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल ॲप परिसरातील विजेची सूचना देते. मंडपवाल्यांनी ते जवळ बाळगावे.

धंद्याच्या दृष्टीने

दुर्गापूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची ५०० किलोव्होल्टची लाइन १९९९ पासून वीज वाहून नेत आहे. एवढी वीज तयार करणाऱ्या जिल्ह्यात कितीतरी घरांच्या सॉकेटमधील वरचे छिद्र मात्र रिकामेच असते. त्यामागे तारच नसते.

आयटीआय झालेल्या तरुणांसाठी यात चांगले काम आहे. एक अर्थ टेस्टर घ्यावा, वायरमनचा परवाना काढावा आणि घर, दुकान, सभागृह यांचे अर्थिंग मोजून लेखी पावती द्यावी. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालणे, गंजलेले नटबोल्ट बदलणे आणि आरसीसीबी तपासणे यांचा वार्षिक करार करता येतो. साउंडवाल्यांनी आपल्या फलकावर 'आरसीसीबीसह' असे लिहावे आणि तसे सामान न्यावे. एका आरसीसीबीची किंमत साध्या ॲम्प्लिफायरपेक्षा कमी आहे, आणि चार पैसे जास्त घेण्यास ते रास्त कारण आहे. व्यापारी बंधूंनी तीन पिनांचे दोन पिना करणारे जोड विकणे बंद केले तरी मोठे काम होईल.

घूं ग्राहकाला ऐकू येते, म्हणून तो तक्रार करतो. अर्थ नसल्याची तक्रार तो करणार नाही, कारण ती त्याला ऐकू येत नाही. ती ऐकणे हेच कारागिराचे कसब आणि त्याची इमानदारी आहे. तेव्हा पुढच्या वेळी ग्राहक म्हणाला की 'पिन काढा आणि विषय संपवा', तर कारागिराने अर्धा तास जास्त लावावा, केबल तपासावी आणि पिन जागेवर ठेवावी. त्या अर्ध्या तासाची मजुरी मागण्यास संकोच करू नये आणि ग्राहकानेही ती देताना कुरकुर करू नये.